पिकअप : तारेची हालचाल विजेत कशी उतरते

१९३० च्या सुमारास अमेरिकेत हवाईयन गिटार लोकप्रिय असली, तरी वाद्यवृंदातील ट्रंपेट आणि ड्रम यांच्यापुढे तिचा आवाज बुडून जात असे. लॉस एंजेलिसचे वादक जॉर्ज बीचम यांनी १९३१ मध्ये त्यावर जो तोडगा काढला, तो म्हणजे पिकअप, अर्थात तारेची हालचाल विजेच्या संकेतात बदलणारे छोटे उपकरण. त्यामुळे आवाज मोठा करणाऱ्या पोकळ लाकडी पेटीची गरजच उरली नाही. पुढच्याच वर्षी ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांच्यासोबत त्यांनी पिकअप बसवलेली ही गिटार बाजारात आणली. तिचे अंग ओतीव ॲल्युमिनियमचे होते आणि आकारामुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ हे नाव पडले.

पिकअप म्हणजे छोटा मायक्रोफोन, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे, कारण मायक्रोफोन हवेतील कंपने टिपतो, तर पिकअपला हवेशी काहीही देणेघेणे नसते. त्यातील चुंबक वरच्या पोलादी तारेलाही चुंबकत्व देतो. तार छेडली की तिच्याबरोबर चुंबकीय क्षेत्र हलते, चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून जाणाऱ्या बलरेषा कमी-जास्त होतात आणि मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या नियमानुसार वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. हा दाब तार कुठे आहे यावर नव्हे, तर बलरेषा किती झपाट्याने बदलतात यावर ठरतो. त्यामुळे तार टोकाला पोहोचून क्षणभर थबकते, तेव्हा तो शून्यावर येतो. नायलॉनच्या तारांवर हा पिकअप मुकाच राहतो, हे ओघाने आलेच.

वेटोळ्याची तार जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीची असते आणि फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारच्या जुन्या पिकअपमध्ये तिचे सुमारे ८,००० वेढे असतात. वेढे वाढवले की आवाज भरदार होतो, पण त्यातील तीक्ष्णता बोथट होते.

खरी गंमत पिकअपच्या जागेत आहे. तंबोऱ्यातून जसा स्वयंभू गंधार ऐकू येतो, तसे मूळ स्वरासोबत उमटणारे अनेक वरचे स्वर, म्हणजे उपस्वर, गिटारच्या प्रत्येक तारेत दडलेले असतात, आणि ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू (त्या उपस्वरासाठी तार जिथे हलतच नाही ती जागा) नेमका पिकअपवर येतो, तो उपस्वर जवळजवळ टिपलाच जात नाही. घोडीजवळचा पिकअप म्हणूनच धारदार वाजतो आणि मानेजवळचा गोलसर.

मात्र वेटोळे भोवतालच्या वीजतारांचे क्षेत्रही पकडते. अमेरिकेत ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची गुणगुण त्यातूनच येते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन वेटोळी शेजारी-शेजारी बसवली. एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट जोडले आणि चुंबकाचे ध्रुवही उलट ठेवले. बाहेरून आलेली गुणगुण दोन्हींत परस्परविरुद्ध उमटून नाहीशी होते, तर तारेचा संकेत दोनदा उलटल्यामुळे पुन्हा सरळ होतो आणि त्याची बेरीज होते. या हंबकर पिकअपचा आवाज जाडसर असतो. तो न रुचणारे कित्येक वादक आजही गुणगुण सोसून एकाच वेटोळ्याचा पिकअप वापरतात.