खरा आदेश चित्रात, खोटा मेसेज मजकुरात

(दादरच्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

फलकावर आजचा विषय 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मराठीचं भवितव्य' असा लिहिला आहे. त्याकडे मी येणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट मांडतो, कारण ती सुटल्याशिवाय भवितव्याच्या गप्पा वरवरच्याच राहतात. शिवाय ती ऐकायला याहून योग्य सभागृह मिळायचं नाही. इथले निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या गृहनिर्माण संस्थेचे सेक्रेटरी किंवा खजिनदार आहेत, आणि उरलेले निम्मे त्यांच्याशी भांडणारे सभासद.

माझं म्हणणं एवढंच आहे की शासनाने काढलेला प्रत्येक सार्वजनिक कागद लोकांना मजकूर म्हणून मिळाला पाहिजे. आज त्यातला फार मोठा भाग चित्र म्हणून मिळतो.

हे तुम्ही सगळ्यांनी अनुभवलंय. संकेतस्थळावरून एखादं परिपत्रक उतरवून घेता. पान किंचित तिरकं असतं, डाव्या कडेला पंचिंगच्या भोकांची काळी वर्तुळं, शिक्क्याखाली दोन ओळी गडप. 'पुनर्विकास' हा शब्द शोधायला जाता आणि काहीच सापडत नाही. शब्द डोळ्यांसमोर आहे, पण यंत्राच्या लेखी त्या पानावर एकही अक्षर नाही. तो नुसता फोटो आहे.

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची चर्चा चालू होती तेव्हाची हकीकत सांगतो. मुंबईत जुन्या इमारतीत राहणाऱ्याला '७९-अ' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं ते कलम, आणि त्याखाली ४ जुलै २०१९ रोजी निघालेला शासन निर्णय, म्हणजे जीआर. सभा कशी बोलवायची, वास्तुविशारद कसा नेमायचा, निविदा कशा मागवायच्या, विकासक निवडताना काय पाळायचं, किती सभासदांची संमती हवी, सगळं त्यात आहे. राहतं घर पाडायला देण्याआधी माणसाने हा एक कागद तरी वाचावा. तर एके दिवशी आमच्या ग्रुपवर मेसेज आला: 'नवीन जीआर आला आहे. आता सर्वसाधारण सभेची गरज नाही, कमिटीने ठरवलं की पुरे.' वर लाल दिव्यांची रांग, खाली 'जास्तीत जास्त शेअर करा'. कुणी लिहिला, कुठून आला, कुणालाच माहीत नाही. पण रात्रीच्या जेवणापर्यंत तो आजूबाजूच्या सगळ्या इमारतींत फिरला होता.

आमच्या मजल्यावर एक काकू राहतात. निवृत्त शिक्षिका. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, त्यामुळे समोरचं दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, लावून त्या सगळं ऐकतात, अग्रलेखसुद्धा. तो खोटा मेसेज त्यांच्या फोनने त्यांना अगदी स्वच्छ मराठीत, शब्द न् शब्द वाचून दाखवला. काकू घाबरून माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, "काकू, घाई करू नका, मूळ कागदच मिळवून देतो, तुम्हीच ऐका." संबंधित कार्यालयाकडून नियमांचा आणि परिपत्रकांचा संच मिळाला, पीडीएफ स्वरूपात. मी तो त्यांच्या फोनवर पाठवला. त्यांनी पानावर बोट टेकवलं. फोन म्हणाला, "पान एक." आणि गप्प. त्यांनी पुढे सरकवलं. "पान दोन." पुन्हा गप्प. त्या मला म्हणाल्या, "अरे, कोरी पानं पाठवलीस का?"

मी त्या कार्यालयात विचारायला गेलो. तिथला कारकून सज्जन होता. म्हणाला, "साहेब, टाइप आम्हीच केलंय, फाइल कॉम्प्युटरवर आहे. पण सही-शिक्का लागतो ना? म्हणून प्रिंट काढायची, सही घ्यायची आणि स्कॅन करायचं. आणि नुसती फाइल दिली तर कुणी त्यात बदल करेल." हे तो मनापासून सांगत होता. त्याला वेगळं करायला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आता हे बघा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे, आणि डिजिटल स्वाक्षरीला त्याने तेव्हापासून कायदेशीर मान्यता दिली आहे. शासन निर्णयाच्या शेवटी तुम्ही वाचलं असेल: 'हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे.' म्हणजे मंत्रालयाला जे जमतं ते खालच्या कार्यालयालाही जमू शकतं. आणि बदल होण्याची भीती असेल तर डिजिटल सहीच्या फाइलमध्ये एक काना बदलला तरी पडताळणीत सही अवैध ठरते. स्कॅन केलेल्या पानावरचा आकडा मात्र फोटो एडिट करणारा कुठलाही पोरगा बदलू शकतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सुरक्षिततेसाठी म्हणून आपण नेमकी कमी सुरक्षित वस्तू वाटतो आहोत. त्यापायी काकूंचा हक्क जातो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, त्याच्या ४२व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माहिती त्यांना वापरता येईल अशा स्वरूपात असावी असं स्पष्ट आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१व्या कलमाखालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. इतकं सगळं असून काकूंचा फोन गप्प राहतो.

यातली खरी मेख वेगळीच आहे. खोटा मेसेज मजकुरात असतो. तो हलका असतो, कॉपी होतो, मोठ्या अक्षरात वाचता येतो, ऐकता येतो, आणि सर्वांत स्वस्तातल्या फोनवरही उघडतो. खरा आदेश म्हणजे जड, तिरकं चित्र. या दोघांच्या शर्यतीत कोण जिंकणार? दर पावसाळ्यात आपण हे बघतो. जुलैत दोन दिवस धो धो पाऊस पडला की 'उद्या शाळांना सुट्टी'चा मेसेज सुटतो. कधी तो मागच्या वर्षीचाच असतो, फक्त तारीख काढलेली. आयांनी खरं काय ते कुठे बघायचं? एका पत्राच्या फोटोचा फोटो, त्यावर तारीख वाचता येत नाही.

लोक अफवांवर विश्वास ठेवतात म्हणून आपण लोकांना नावं ठेवतो. केंद्र सरकारने तर २०२३ मध्ये नियम बदलून स्वतःच्या कारभाराविषयी खोटं काय ते ठरवणारा सत्यशोधन कक्ष काढायचा घाट घातला. इथे, आपल्या मुंबई उच्च न्यायालयात, त्यावर आधी दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, मग तिसऱ्या न्यायमूर्तींकडे प्रकरण गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द झाला. माझ्या मते योग्यच झालं. सरकारने खोट्यावर शिक्के मारत बसण्याची गरज नाही. स्वतःचं खरं वेळेवर आणि कॉपी करता येईल अशा मजकुरात द्यावं. आमच्या ग्रुपवर त्या रात्री मूळ निर्णयातला एक परिच्छेद जसाच्या तसा चिकटवता आला असता तर ती अफवा तिथेच संपली असती. मला तो हाताने टाइप करावा लागला, आणि मग लोक म्हणाले, "हे तुम्हीच लिहिलंय कशावरून?"

मुंबईच्या बाबतीत मला याचं दुःख जास्त वाटतं. मराठी छपाईचं घर आहे हे शहर. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये इथे शिळाछापावर पंचांग छापलं. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीचे छपाईचे असे खिळे पाडले की संस्कृत ग्रंथ छापून घ्यायला देशभरातून लोक मुंबईकडे बघत. गिरगावात शाईने हात काळे करून त्या माणसांनी जोडाक्षरं घडवली, रफार नेमका कुठे बसावा यावर खल केला. आणि संगणकावर देवनागरी आली तेव्हाही मुंबईच पुढे होती. विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत, तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे. म्हणजे गेली पंचवीस वर्षं तरी तांत्रिक अडचण ही सबब उरलेली नाही.

तरी काय होतं ते जवळून बघा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल असली तर आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, वरून फक्त मराठी आकार दिसतो. फॉन्ट बदलला की अर्थहीन खिचडी. नव्वदच्या दशकात याच फॉन्टांनी मराठी डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानजुळणी, उभं केलं, त्या लोकांविषयी मला आदर आहे. पण ती सोय तेव्हाची होती. आता युनिकोडमध्ये टाइप केलेली पण निष्काळजीपणे पीडीएफ केलेली फाइल घ्या. 'शासन निर्णय' हे शब्द कॉपी करून चिकटवा. येतं काय? 'शासन िनणर्य'. वेलांटी आधी येऊन बसते, रफार नंतर जातो, कारण फाइलमध्ये अक्षरं कागदावर दिसतात त्या क्रमाने साठवली गेली, उच्चाराच्या क्रमाने नाही. 'माहिती'ची होते 'मािहती'. मग 'माहिती' शोधली तर सापडणार कशी? ज्या राज्याने १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम केला, त्याच्या दप्तरात 'निर्णय' हा शब्द शोधता येत नाही, हे मला मुळीच सोसत नाही.

कुणी म्हणेल, आता चित्रातलं वाचणारी यंत्रं आली आहेत. आली आहेत, आणि ती बरीच चांगली आहेत. पण पुसट स्कॅनमध्ये ९ चा १ होतो, आणि आदेशात आकडाच चुकला तर उरलं काय? शिवाय ते करून घ्यायचं कुणी? २०१८ मध्ये मतदार याद्या शोधता येतील अशा स्वरूपात मिळाव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. न्यायालयाने तसा आदेश द्यायला नकार दिला. हवं तर स्वतःच्या कष्टाने रूपांतर करून घ्या, असा त्याचा आशय. मतदार यादीत नाव-पत्ता असतो, तिथे खासगीपणाचा मुद्दा खरा आहे आणि तो मला मान्य आहे. पण 'स्वतः करून घ्या' याचा व्यवहारात अर्थ असा की ज्याच्याकडे पैसा आणि माणसं आहेत तो करून घेतो, आणि काकू राहतात बाजूला. मी तर कुणाची खासगी माहिती मागतच नाही. मी मागतोय ते निर्णय, परिपत्रकं, निविदा, अंदाजपत्रकं, विकास आराखड्याचे अहवाल. हे आपल्याच पैशाने लिहिलं जातं.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली आहेत. फलकावरच्या विषयाकडे येतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषा-मॉडेलं मजकुरावर शिकतात. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक होते, देशात तिसरा क्रमांक. इंटरनेटवरचा मराठी मजकूर मात्र त्या मानाने अगदी थोडा. विश्वकोशाने आपले खंड शोधता येतील अशा स्वरूपात नेटवर ठेवले, हे फार मोठं काम झालं. मराठी विकिपीडिया २००३ पासून स्वयंसेवकांनी हाताने वाढवला. पण कायद्याची, पाणीपुरवठ्याची, इमारत नियमांची, आरोग्याची घडीव मराठी कुठे आहे? ती साठ वर्षं सरकारी फायलींत लिहिली जाते आहे. भाषा संचालनालयाने १९६० पासून परिभाषा घडवली, पदनामं ठरवली, आणि तिचा रोजचा वापर कुठे झाला तर शासन निर्णयांत. तोच भाग चित्रांत कोंडलेला. एकीकडे केंद्र सरकार 'भाषिणी' प्रकल्पातून भारतीय भाषांचा मजकूर आणि आवाज गोळा करतं, त्यावर पैसा खर्च करतं, आणि दुसरीकडे सरकारी कार्यालयं आपलीच पानं यंत्राला वाचता येणार नाहीत अशी करून ठेवतात. मग यंत्राला पुनर्विकासाचा नियम मराठीत विचारला की ते इंग्रजीतून ओढलेलं, कधी साफ चुकीचं उत्तर देतं, आणि आपण म्हणतो मराठीला भवितव्य नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला. त्या दर्जाचं पहिलं काम म्हणून मला हेच दिसतं.

शासनाने करायचं ते थोडकं आहे. सहीच्या प्रतीसोबत युनिकोड मजकूर द्यावा, आणि संगणकप्रणालीची निविदा काढताना 'पीडीएफमधून मराठी मजकूर बिनचूक कॉपी झाला पाहिजे' ही अट घालावी. पुढच्या फायलींना यातून जवळजवळ काहीच खर्च येत नाही. जुन्यांचं काम टप्प्याटप्प्याने होईल.

तुम्ही करायचं ते आजच करता येईल. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, कलम २ मधल्या व्याख्येत, संगणकात साठवलेली माहिती फ्लॉपी, टेप किंवा अन्य कोणत्याही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्क आहे. कलम ७(९) सांगतं की माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात सर्वसाधारणपणे द्यावी, त्यासाठी कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडणार असेल किंवा मूळ दस्तऐवजाच्या सुरक्षिततेला वा जतनाला बाधा येणार असेल तरच अपवाद. तयार फाइलची प्रत देताना यातलं काहीच होत नाही. म्हणून अर्जात नुसतं 'प्रत द्यावी' असं लिहू नका. 'मूळ संगणकीय फाइल, युनिकोडमध्ये, शब्द शोधता येईल अशा स्वरूपात, कलम ७(९) नुसार द्यावी' असं लिहा. आपल्या राज्यात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यात हे आरामात बसतं. फी १० रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पुन्हा स्कॅनच आलं, तर पुढच्या ३० दिवसांत कलम १९(१) खाली पहिलं अपील करा, आणि त्यातही हेच वाक्य घाला.

अर्जाचा नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. फाइल हवी असेल त्यांनी वहीत नंबर लिहून ठेवा, मजकूर म्हणूनच पाठवतो. आता प्रश्न घेऊ, मागच्या रांगेतून सुरुवात करा.