तबकडीपुरता उरलेला आवाज : लुचो बात्तिस्ती

१९६७ साली इटलीत गाजलेल्या एका रेकॉर्डमध्ये गाण्याच्या मागे रेडिओवरच्या बातम्या ऐकू येतात. निवेदक २९ सप्टेंबर ही तारीख उच्चारतो आणि गाणे पुढे सरकते तशी ती तारीख ३० होते. एका दिवसाचा मोह आणि दुसऱ्या सकाळी दाटून आलेली प्रेयसीची आठवण यांच्यामधली रात्र केवळ त्या बातम्यांच्या आवाजातून सरते. हे गाणे गायले होते ‘एकिपे ८४’ या वाद्यवृंदाने. शब्द होते जुलिओ रापेत्ती यांचे, ज्यांना सारा इटली मोगोल या नावाने ओळखतो, आणि चाल होती चोवीस वर्षांच्या लुचो बात्तिस्ती यांची.

बात्तिस्ती यांचा जन्म ५ मार्च १९४३ रोजी रिएती प्रांतातल्या पोज्जो बुस्तोने या डोंगरगावात झाला. वाद्यवृंदांत गिटार वाजवत ते मिलानला आले आणि १९६५ मध्ये मोगोल यांना भेटले. त्यांच्या सुरुवातीच्या चाली आपल्याला फारशा भावल्या नव्हत्या, असे मोगोल यांनीच पुढे सांगितले आहे. तरीही या माणसाने आपली गाणी स्वतःच गायली पाहिजेत, असा आग्रह धरणारेही तेच होते. हा आग्रह सोपा नव्हता, कारण बात्तिस्ती यांचा आवाज किंचित घोगरा, वरच्या पट्टीत चिरकणारा होता. १९६९ च्या सानरेमो या गाण्यांच्या स्पर्धा-महोत्सवात ते आले तेव्हा अनेक समीक्षकांनी त्या आवाजाला नावे ठेवली. त्या काळी तिथे प्रत्येक गाणे दोन वेगवेगळे कलाकार सादर करीत, आणि बात्तिस्ती यांचे गाणे दुसऱ्यांदा गायला उभे होते अमेरिकेचे विल्सन पिकेट. त्याच वर्षी बात्तिस्ती यांचा पहिला अल्बम निघाला आणि ज्याला नावे ठेवली गेली तोच आवाज घराघरांत पोहोचला.

१९७२ मधले ‘मार्चमधल्या बागा’ हे गाणे थोडे थांबून ऐकण्यासारखे आहे. सुरुवातीला आइस्क्रीमची गाडी रस्त्याने जाते, विकणारा ओरडत असतो, आणि घरातले पैसे मात्र महिन्याच्या एकवीस तारखेलाच संपलेले असतात. मग आईचे कपडे आठवतात. त्यांतला सर्वांत सुंदर काळा, न कोमेजलेल्या फुलांचा. बात्तिस्ती ही कडवी जवळजवळ बोलल्यासारखी, दबक्या आवाजात गातात, आणि ध्रुवपदाशी येताच तोच आवाज वाद्यमेळासह एकदम वर उसळतो. गरिबीची ओढाताण आणि तारुण्याची झेप ही दोन्ही एकाच चालीत सामावण्याची किमया मला त्यांच्या इतर कुठल्याही गाण्यापेक्षा इथे अधिक जाणवते.

त्याआधीच, १९७१ मध्ये, मोगोल यांनी सहकाऱ्यांबरोबर स्थापन केलेल्या ‘नुमेरो ऊनो’ या रेकॉर्ड कंपनीकडे बात्तिस्ती आले होते. तिथले त्यांचे पहिलेच गाणे, ‘सूर्याचे गाणे’, तीन कॉर्डवर उभे आहे, त्यामुळे इटलीत गिटार शिकणारी मुले आजही बहुधा याच गाण्यापासून सुरुवात करतात.

एप्रिल १९७२ मध्ये गायिका मिना यांच्याबरोबर त्यांनी दूरचित्रवाणीवर गायलेली गाणी इटालियन प्रेक्षकांना घडलेले त्यांचे जवळजवळ अखेरचे दर्शन ठरली. मैफली बंद झाल्या, मुलाखती विरळ होत गेल्या आणि पुढे थांबल्या. कलावंताने लोकांशी आपल्या कामातूनच बोलावे, या भूमिकेवर ते ठाम राहिले. १९७४ च्या ‘लॅटिन आत्मा’ या अल्बमकडे मला म्हणूनच पुन्हा पुन्हा वळावेसे वाटते. दक्षिण अमेरिकेच्या प्रवासानंतर केलेल्या या ध्वनिमुद्रणात त्यांनी आपला आवाज मुद्दाम वाद्यांच्या खाली ठेवला, जेणेकरून ऐकणाऱ्याला कान देऊन तो शोधावा लागेल.

१९७८ मध्ये लंडनला ध्वनिमुद्रित झालेला अल्बम अतिशय लोकप्रिय ठरला, पण १९८० च्या अल्बमनंतर मोगोल आणि बात्तिस्ती ही जोडी फुटली. मोबदल्याच्या वाटणीवरून बिनसले, असे मोगोल यांनी नंतर सांगितले. १९८२ मध्ये पत्नीच्या शब्दांवर एक अल्बम करून बात्तिस्ती कवी पास्क्वाले पानेल्ला यांच्याकडे वळले. १९८६ ते १९९४ या काळात दोघांनी पाच अल्बम केले, प्रत्येकात आठ गाणी. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मोजक्या रेघा, एवढेच मुखपृष्ठ असल्यामुळे इटलीत त्यांना ‘पांढऱ्या तबकड्या’ म्हणतात. पहिल्या अल्बममध्ये आधी चाल आणि मग शब्द होते. पुढच्या चारांत हा क्रम उलटला, आणि पानेल्ला यांच्या कोड्यासारख्या, शब्दखेळाने भरलेल्या ओळींना बात्तिस्ती यांनी सिंथेसायझरच्या थंड, काटेकोर तालावर चाली दिल्या. जुन्या चाहत्यांपैकी अनेकजण इथे मागे राहिले. मला मात्र या चाळीस गाण्यांत थकलेला नव्हे, तर मुळापासून नवे काही शोधणारा संगीतकार दिसतो.

९ सप्टेंबर १९९८ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, मिलानमध्ये त्यांचे निधन झाले. मागे उरल्या त्या रेकॉर्ड, पण हक्कांच्या वादामुळे त्याही अनेक वर्षे स्ट्रीमिंगच्या मंचांवर येऊ शकल्या नाहीत. मोगोल यांच्या काळातले अल्बम अखेर २०१९ मध्ये तिथे उपलब्ध झाले, आणि त्यासाठी निवडलेला दिवस होता २९ सप्टेंबर.