पाय वर घे

श्रोतेहो, नमस्कार. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आपल्या परिचयाचा आहे आणि सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांविषयीही आपण ऐकलेले असेल. आज मात्र मी बोलणार आहे ते दोरी सोडून बाहुली थेट हातांत धरणाऱ्या समकालीन नर्तकांविषयी.

जपानच्या बुनराकू परंपरेत एका मोठ्या बाहुलीला तिघे जण चालवतात. मुख्य कलावंताकडे डोके व उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात आणि तिसऱ्याकडे पाय असतात. तिचे संवाद मात्र रंगमंचाच्या कडेला बसलेला निवेदक म्हणतो. कॅनडाच्या नृत्यदिग्दर्शिका क्रिस्टल पाइट यांनी २००९ साली ‘डार्क मॅटर्स’ या रचनेत याच धर्तीची बाहुली आणली आणि पुढे नर्तकांच्या शरीरांनाही बाहुलीसारखे वागवले. हालचाल एकाची, आवाज दुसऱ्याचा. मग वाक्य कोणाचे, हा त्यातला खरा प्रश्न.

त्याचे उत्तर मला सदाशिव पेठेतील एका सभागृहात, अशाच एका नृत्यप्रयोगाच्या तालमीच्या वेळी मिळाले. खाकी कागद आणि चिकटपट्टी यांची पोरसवदा बाहुली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलेली होती आणि तीन नर्तक तिला धरून होते. सफाईच्या मावशी पोछा घेऊन आल्या. बाहुलीचे डोके सावकाश पोछ्याकडे वळले, तिची छाती किंचित फुगली, आणि मावशी अगदी सहज तिलाच म्हणाल्या, “पाय वर घे गं.” पाय धरणाऱ्या मुलीने बाहुलीचे दोन्ही पाय उचलले, बाहुलीच्या डाव्या हाताने खुर्चीची कड पकडली, आणि मावशींनी खालची फरशी पुसून घेतली. तिथे तीन धडधाकट माणसे उभी असताना त्यांनी एकाकडेही पाहिले नाही!

गंमत पुढेच आहे. डोके धरणाऱ्या मुलाने मावशींकडे पाहून विचारले, “ठेवू का आता?” त्याबरोबर मावशींची नजर त्याच्याकडे गेली आणि बाहुलीचा पुन्हा कागद झाला. दिग्दर्शिकेने तेच वाक्य त्याला बाहुलीच्या डोक्याकडे पाहत, आधी तिचा श्वास हलवून म्हणायला लावले, तेव्हा मावशी बाहुलीला म्हणाल्या, “थांब, वाळू दे.” पुन्हा सांगतो: आधी श्वास, मग नजर, मग शब्द. बोलणाऱ्याची नजर जिकडे, वाक्य तिकडे.



पुढे प्रयोगात बाहुलीचे सगळे संवाद कडेला बसलेल्या चौथ्या नर्तकीकडे गेले, आणि पोछ्याचा प्रसंगही त्यात आला. मावशींनाही तिकीट दिले होते. “माझं बघून झालंय,” असे म्हणून त्यांनी ते नातीला देऊन टाकले.