आस मोडतो तेव्हा

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘ड्रॅग रेसिंगचे चिकट टायर आणि मागच्या ॲक्सलचं आयुष्य’. ड्रॅग रेसिंग म्हणजे उभ्या गाडीनं सुटून सरळ पाव मैल पळायची शर्यत. मुळात वचन असं आहे की ॲक्सल कोणत्या क्रमानं मजबूत करायचा ते सांगायचं. ते सांगणार आहे. पण त्याआधी एक जुनं भांडण काढतो, कारण ते मिटल्याशिवाय तो क्रम पटणार नाही.

गाडीवेड्या लोकांत एक प्रश्न हमखास येतो, ‘फोर्डचा आठ-पॉइंट-आठचा ॲक्सल किती घोडाशक्ती सोसतो?’ (आठ-पॉइंट-आठ म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा, क्राऊनचा, व्यास इंचांत.) उत्तरं देणारेही तयारच बसलेले असतात. एक म्हणतो चारशे, दुसरा म्हणतो सातशे. गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात. चारशेवाल्याचा मोडलेला असतो, सातशेवाल्याचा टिकलेला असतो, आणि चाकात टायर कुठला होता हे दोघंही सांगत नाहीत. ॲक्सलला घोडाशक्ती कळत नाही हो. त्याला पीळ कळतो. आणि किती पीळ अंगावर येणार ते टायर ठरवतो.

आपल्याकडच्या ट्रक ड्रायव्हरांना हे पुस्तक न वाचता माहीत असतं. लोड भरलेला ट्रक चिखलात रुतला, एक चाक गरागरा फिरतंय. तोवर ॲक्सल सुखात आहे. मग कोणीतरी भला माणूस फिरत्या चाकाखाली दगड सरकवतो. चाक दगडाला चावतं, आणि खट्! हाफ शाफ्ट गेला, चाक फिरवणारा दांडा. इंजिन तेच, गिअर तोच, ड्रायव्हरचा पायही तोच. बदलली ती पकड. बैलगाडीच्या भाषेत आस मोडला. (आस मोडला म्हणतोय मी. मोडली म्हटलं तर ती आशा. ती पुढच्या फेरीत मोडते, सुट्या भागांचं बिल आल्यावर.)

आता आकडे. लिहून घ्या, सोपे आहेत. अमेरिकेतली ऐंशीच्या दशकातली फोर्डची फॉक्स-बॉडी मस्टँग घेऊ. ५.० लिटरचा व्ही-८. १९८७ नंतर २२५ अश्वशक्ती, टॉर्क, म्हणजे पीळ, सुमारे ४०७ न्यूटन-मीटर. पहिला गिअर ३.३५. मागे ॲक्सलमध्ये लोक आवडीनं ३.७३ चा क्राऊन-पिनियन घालतात, म्हणजे मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारं छोटं. गुणाकार करा: ५०८० न्यूटन-मीटरच्या आसपास. वाटेतला तोटा वजा जाता साडेचार हजार मागच्या चाकांपर्यंत पोहोचवायची या साध्या इंजिनची तयारी आहे.

चाकं तेवढं घेतील का? वजन माणसासकट १५०० किलो धरा. मागच्या चाकांवर ४३ टक्के. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.५५ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर. साध्या रस्त्याच्या टायरचा घर्षणांक ०.९ धरू. गाडी सुटताना वजन मागे झुकतं, तेही हिशेबात घेतलं तर रस्ता मागच्या चाकांना जास्तीत जास्त ६९०० न्यूटन ढकलू देतो. चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर. म्हणजे २२८० न्यूटन-मीटर. त्यापुढे टायर घसरतो, धूर काढतो, पोरं टाळ्या वाजवतात, आणि ॲक्सल सुखरूप घरी जातो.

आता त्याच गाडीला ड्रॅग स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले मऊ चिकट टायर, घाला आणि राळ मारलेल्या पट्टीवर उभी करा. घर्षणांक दीड धरा, म्हणजे मी हात आखडूनच धरतोय. बल होतं १३,४५० न्यूटन, आणि चाकाशी टॉर्क ४४४० न्यूटन-मीटर. जवळजवळ दुप्पट! इंजिनला स्क्रू-ड्रायव्हर लावलेला नाही. घर्षणांक वाढला ६६ टक्के आणि बल वाढलं ९५ टक्के, कारण पकड वाढली की वजन जास्त मागे येतं, आणि वजन मागे आलं की पकड आणखी वाढते. चक्रवाढ व्याज आहे हे.

म्हणून ज्याला ॲक्सलची काळजी आहे त्यानं डायनोचा, म्हणजे घोडाशक्ती मोजणाऱ्या यंत्राचा, कागद फ्रेममध्ये लावून ठेवावा आणि पहिल्या ६० फुटांची वेळ बघावी. शर्यतीचा पाव मैल म्हणजे १३२० फूट. ॲक्सलचं मरण बहुतेक वेळा पहिल्या साठातच असतं. तिथली वेळ २.० सेकंदांवरून १.५ वर आली, तर सरासरी त्वरण वेळेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतं: दोन भागिले दीड, त्याचा वर्ग, १.७८. ॲक्सलवरचा भारही जवळपास तेवढाच वाढला. शेवटच्या रेषेवर गाडी किती वेगात गेली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

इथे माझी दुसरी तक्रार. ही लांबते, मला ठाऊक आहे, पण ऐका. अमेरिकेत ॲक्सलची ताकद बोल्ट मोजून सांगायची खोड आहे. ‘दहा-बोल्ट म्हणजे कचरा, बारा-बोल्ट म्हणजे लोखंड.’ कसले बोल्ट? मागच्या पत्र्याच्या झाकणाचे! ज्या झाकणाचं काम तेल सांडू न देणं, त्याचे बोल्ट मोजून आतल्या दातांची ताकद ठरवायची. भांड्याच्या झाकणावरून आमटीचा तिखटपणा ठरवण्यासारखं आहे. ही बदनामी आली कुठून, तर जनरल मोटर्सच्या साडेसात इंची क्राऊनच्या दहा-बोल्टवरून. तो १९८२ ते २००२ च्या कॅमॅरोत होता, आणि शेवटच्या चार-पाच वर्षांत त्याच्यापुढे एलएस-१ सारखं दांडगं इंजिन आलं. तो मोडायचा, खरंय. पण त्याच कंपनीचा साडेआठ इंचीही दहा-बोल्टच, आणि तो चांगला दणकट. फोर्डच्या आठ-पॉइंट-आठला झाकणाचे बोल्ट किती? दहा. डॅना-६०, क्राऊन पावणेदहा इंच, हेमी इंजिनाच्या गाड्यांखाली बसलेला राक्षस, त्याला किती? दहाच! आणि १९५७ पासून निघालेला फोर्डचा नऊ इंची, ज्याची सगळे शपथ घेतात, त्याला मागून झाकणच नाही. सगळा गोळा पुढून बाहेर निघतो. मग तो काय शून्य-बोल्ट? तेव्हा तीन गोष्टी विचारा: क्राऊनचा व्यास, शाफ्टच्या स्प्लाइन (टोकावरचे उभे दात), आणि पिनियनला आधार किती बेअरिंगचा. नऊ इंचीत पिनियनच्या डोक्यापुढे तिसरं बेअरिंग असतं, म्हणून पिनियन क्राऊनपासून सहज सरकत नाही. त्याची कीर्ती तिथे आहे.

बरं, टायरकडे येऊ. चिकट टायर सगळे सारखे नसतात, आणि ॲक्सलला तो फरक चांगला कळतो. बायस-प्लाय स्लिकच्या, म्हणजे आतले धागे तिरके असलेल्या टायरच्या, भिंती मऊ. हवा दहा-बारा पीएसआय. गाडी सुटताना रिम आधी फिरते, भिंतीला सुरकुत्या पडतात, मग तळ हलतो. ती सुरकुती म्हणजे स्प्रिंग आहे. झटका तिथे थोडा पसरतो. ड्रॅग रेडियलची, म्हणजे आतले धागे आडवे असलेल्या चिकट टायरची, भिंत ताठ, हवा साधारण पंधरा ते वीस. तो कमी वळतो, झटका सरळ आत पाठवतो. हाताच्या गिअरवाल्या गाड्या बायस स्लिक मागतात ते यासाठी. इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर असताना क्लच सोडला की फ्लायव्हील आणि क्रँकमध्ये साठलेली ऊर्जा एकदम खाली येते, आणि मघाशी काढलेल्या साडेचार हजारांच्या वर क्षणभर उसळी येते. साधा टायर ती उसळी घसरून सोडून देतो. स्लिक नाही सोडत. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टरचं तेल मधे असतं, म्हणून तीच शक्ती जरा सभ्यपणे पोहोचते. अर्थात ट्रान्स-ब्रेक, म्हणजे गिअरबॉक्सच जाम धरणारा ब्रेक, लावून बटण सोडलं की तोही सभ्यपणा संपतो.

टायर उंच घेतला तरी हिशेब बदलतो. २६ इंचीच्या जागी २८ इंची घातला आणि पकड तीच राहिली, तर शाफ्टवरची मर्यादा पावणेआठ टक्के वर जाते. मग उंच टायरसाठी लोक क्राऊन-पिनियन ३.७३ चा ४.१० करतात. ३.७३ म्हणजे ४१ ला ११ दात, ४.१० म्हणजे ४१ ला १०. क्राऊन तेवढाच, पिनियन बारीक झाला. भार वाढवायचा आणि दात कमी करायचे, वा!

सगळ्यात वाईट मात्र पुरी पकडही नाही आणि घसरणही नाही. ते म्हणजे उड्या, व्हील हॉप. टायर पकडतो, सस्पेन्शनचे रबरी बुश आणि हाऊसिंग (ॲक्सलचं बाहेरचं कवच) पिळून बसतात, मग टायर सुटतो, सगळं उलटं फिरतं, हवेत चाक वेग घेतं आणि परत जमिनीला चावतं. ट्रकखालचा दगड आठवा. तोच दगड सेकंदात कितीतरी वेळा सरकवायचा. उड्या जाणवल्या की पाय उचला. ‘पुढे जाऊन धरेल’ म्हणणाऱ्यांचे शाफ्ट समोर टेबलावर ठेवले आहेत.

हे सगळं नियम करणाऱ्यांनाही माहीत आहे. एनएचआरए ही तिथली मोठी संस्था, १९५१ ची. तिच्या नियमांत स्लिक घातलेली गाडी पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर तोडत असेल, तर गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टभोवती लोखंडी कडं हवं. रस्त्याचे टायर असतील तर तीच सक्ती ११.४९ पासून. बघा, एकच भाग, पण टायरवरून अडीच सेकंदांचा फरक! आणि १०.९९ किंवा त्याहून जलद गाडीला, तसंच डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची पेटी) कायमचं जाम केलेल्या कुठल्याही गाडीला, बाजारातले मजबूत शाफ्ट आणि शाफ्ट बाहेर येऊ न देणारी पकड सक्तीची. कशासाठी, ते आता...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. हं. म्हणजे वचनातलं सगळं दहा मिनिटांत. पळू या.

पहिलं, शाफ्ट. मस्टँगच्या आठ-पॉइंट-आठला कारखान्यातून २८ स्प्लाइन, व्यास १.२० इंच, साडेतीस मिलिमीटर. मघाचे ४४४० दोन्हीकडे सारखे वाटले तर शाफ्टच्या पृष्ठभागावर ताण सुमारे ४०० मेगापास्कल. साध्या टायरवर २०० होते. स्प्लाइनच्या खाचेत व्यास कमी, म्हणून ताण जास्त. शाफ्ट तिथूनच जातो. आता मधे स्पूल घातला, म्हणजे दोन्ही चाकं जाम, आणि एकच चाक चावलं, तर सगळा पीळ एका शाफ्टवर: ८००! प्रोपेलर शाफ्टचा पीळ उजवं चाक उचलायला बघतो, म्हणून डाव्यावर जास्त येतं, हेही ध्यानात ठेवा. ताकद व्यासाच्या घनात वाढते. ३१ स्प्लाइन, १.३२ इंच: ३३ टक्के जास्त. ३५ स्प्लाइन, दीड इंच: जवळपास दुप्पट. पण ३१ चा शाफ्ट घेतलात तर डिफरन्शियलच्या आतले साइड गिअरही ३१ चेच लागतात. हे विसरून फक्त शाफ्ट मागवणारे दर मोसमात भेटतात.

दुसरं, सी-क्लिप. या ॲक्सलमध्ये शाफ्टला आत धरून ठेवणारी एक छोटी सी-आकाराची चकती, बस्स. शाफ्ट मधे मोडला की बाहेरचा तुकडा चाकासकट, ड्रमसकट निघून गाडीला ओलांडून पुढे जातो. एलिमिनेटर किट, म्हणजे सी-क्लिपऐवजी शाफ्टला बाहेरच्या टोकाला धरणारं सामान, लावा, नाहीतर नळीची टोकं कापून नऊ इंचीची मोठ्या बेअरिंगची टोकं वेल्ड करून घ्या. दुसरा मार्ग महाग आणि चांगला.

तिसरं, हाऊसिंग. नळ्या मधल्या ओतीव गोळ्यात, कास्टिंगमध्ये, दाबून बसवलेल्या, वर वेल्डचे ठिपके. चांगल्या पकडीत नळ्या कास्टिंगमध्येच फिरतात. पूर्ण गोल वेल्ड करा; कास्टिंग आधी गरम करून, निकेलच्या रॉडनं, थोडं थोडं, समोरासमोर, आणि हळू थंड होऊ द्या. नंतर दोन्ही टोकं एका रेषेत आहेत का ते बघायलाच हवं. कंट्रोल आर्म, म्हणजे ॲक्सल धरून ठेवणारे दांडे, जिथे बॉडीला लागतात तो पत्राही या गाडीत फाटतो. तिथे जाड पट्टी.

चौथं, पिनियन. कारखान्याची चुरगळणारी स्लीव्ह झटक्यानं आणखी चुरगळते, बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे मुद्दाम दिलेला दाब, जातो, पिनियन डुलतो आणि दात टोकावर भार घेतात. तिथे शिम (पातळ चकत्या) घालून घट्ट नळी वापरा. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, ०.२० ते ०.३० मिलिमीटरमध्ये. आधार देणारं जाड झाकण लावलंत तर त्याचे स्क्रू बेअरिंग कॅपला फक्त हलके टेकवा. आवळलेत तर कॅपच वाकतात. पिनियनचं तोंड कंट्रोल आर्मच्या गाडीत एक-दोन अंश खाली, पट्ट्याच्या स्प्रिंगांच्या गाडीत पाच-सात, कारण भाराखाली ते वर उचललं जातं.

तपासणी. शाफ्ट बसवण्यापूर्वी लांबीभर रंगाची एक सरळ रेघ ओढा. दहा-वीस फेऱ्यांनी काढून बघा. रेघ मळसूत्रासारखी वळली, स्प्लाइन तिरक्या झाल्या, तर शाफ्ट बाद. ‘चालतोय की अजून!’ म्हणू नका. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि इथे पीळ राहतो तो पुढच्या फेरीत सुंभासकट जायला. तेल काढताना चुंबकावर करडी पेस्ट असेल तर ठीक. सुईसारखे चकचकीत तुकडे असतील तर उघडा.

घंटा झालीच. प्रश्न चहावर घेऊ. टेबलावरचे तीन शाफ्ट जाताना हातात घेऊन बघा. ज्याचा काप आडवा, सपाट आणि पिळाची वर्तुळं दाखवणारा आहे, तो एका झटक्यात गेलेला. ज्यावर ओहोटीच्या वाळूसारख्या रेषा आहेत, त्यात तडा आधीपासून होता. तिसरा अजून मोडलेला नाही, फक्त स्प्लाइन वळल्या आहेत. जपून धरा, त्याची धार बोट कापते.