बाटलीतून ट्रेमध्ये : डेंड्रोबियमची रोपं

(दृश्य : काचेच्या बाटलीत दाटीने वाढलेली रोपं)

ऑर्किडच्या बियांत अन्नसाठा जवळजवळ नसतोच. जंगलात एक बुरशी त्यांना पोसते. १९२२ मध्ये अमेरिकेत वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी दाखवून दिलं की साखर घातलेल्या आगरावर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर) बुरशीशिवायही हे बी रुजतं. बाटलीतली ही डेंड्रोबियम ऑर्किडची रोपं त्याच पद्धतीने वाढली आहेत.

बाटलीतली हवा कायम दमट, त्यामुळे पानांवरचा मेणाचा थर पातळ असतो. अशी नाजूक रोपं लगेच बाहेर काढायची नाहीत; बाहेरच्या उजेडाची सवय व्हावी म्हणून आठवडाभर बंद बाटलीच शेडनेटखाली (सावलीच्या जाळीखाली) ठेवायची. थेट ऊन मात्र लागू द्यायचं नाही. बंद काचेत रोपं अक्षरशः शिजतात.

कोमट पाणी ओतून, हलकेच हलवून रोपं बाहेर काढा. मुळांना चिकटलेलं आगर पूर्ण धुवा. त्यातली साखर राहिली की बुरशी तिथूनच सुरू होते. मग लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात १० मिनिटं बुडवून रोपं कागदावर पसरा. मुळं पांढरी दिसू लागली की लावायला घ्या. ३ सेंटिमीटरपेक्षा लहान रोपं वेगळ्या कुंडीत एकत्र लावलेली बरी.

(दृश्य : ५० कप्प्यांचा ट्रे)

भाजीच्या रोपांचा १०४ कप्प्यांचा ट्रे इथे फार लहान पडतो. ५० कप्प्यांचा घ्या. स्वतंत्र कप्प्याचा फायदा मोठा आहे. एक रोप कुजलं तरी शेजारच्याची मुळं त्यात गुंतलेली नसतात, आणि पुढे कुंडीत हलवताना मुळं तुटत नाहीत.

पण कप्पा उथळ असतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. खाली छिद्र असलं तरी कोणतंही मिश्रण तळाशी काही उंचीपर्यंत पाणी धरून ठेवतं. खोल कुंडीत हा ओला थर मुळांच्या खाली राहतो; पाच सेंटिमीटरच्या कप्प्यात मुळं त्यातच बुडतात. मिश्रण जितकं बारीक, तितका हा थर उंच. म्हणून नुसतं कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा बारीक भुसा) नको. नारळाच्या सोडणांचे ५ ते ८ मिलिमीटरचे तुकडे दोन भाग आणि तेवढाच बारीक फोडलेला लाकडी कोळसा एक भाग घ्या. सोडणं आधी तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला. क्षार आणि तांबडा रस निघून गेला पाहिजे. रोपाचा बुंधा मिश्रणाच्या पातळीवरच ठेवा, पुरला तर कुजतो. ट्रे जाळीच्या बाकावर ठेवा, म्हणजे छिद्रांना खालून हवा लागते.

कडेचे कप्पे आधी सुकतात, मधले ओलेच राहतात. कडेचे पाहून सगळ्या ट्रेला पाणी दिलं की मधली रोपं जातात. कडेला झारीने वेगळं पाणी द्या. मुळं हिरवी असतील तर ओल आहे, पांढरी झाली की पाण्याची वेळ. पाणी सकाळीच द्या. संध्याकाळी पानांच्या बेचक्यात थेंब उरता कामा नये. कोकणातल्या जुलै-ऑगस्टच्या पावसात तर बाटल्या न उघडलेल्याच बऱ्या.

बुंध्याशी काळा, पाणचट डाग दिसला तर ती काळी कूज. ती करणारा फायटोफ्थोरा हा सूक्ष्मजीव खरी बुरशी नाही, त्यामुळे कार्बेन्डाझिम त्यावर चालत नाही. मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्र औषध पाकिटावरच्या प्रमाणात फवारा. रोगट रोप मिश्रणासकट काढून कप्पा रिकामा सोडा.

नव्या मुळांची हिरवी टोकं दिसेपर्यंत खत नको. नंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. महिन्यातून एकदा भरपूर साधं पाणी देऊन साठलेले क्षार धुऊन काढा.

पाच-सहा महिन्यांत मुळं मिश्रणाला वेढून घेतात. मग खालच्या छिद्रातून काडीने ढकलून सगळा गड्डा अखंड बाहेर काढा आणि सोडणं न झाडता तसाच तीन इंची कुंडीत बसवा.