नदीकाठचे घर : जॉन पार्कर आणि रिप्ली गाव

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, तेव्हा काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी निरपेक्षपणे झटलेल्या अमेरिकेतील लोकांना त्यांनी ते अर्पण केले होते. त्या लोकांपैकी लिंकनचे नाव आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. आज मला ओहायो नदीकाठच्या रिप्ली या लहानशा गावाविषयी आणि तिथल्या जॉन पार्कर या लोहाराविषयी बोलायचे आहे. स्वतः गुलाम म्हणून जन्मलेल्या आणि पुढे शेकडो गुलामांना सोडवणाऱ्या या माणसाचे घर राखायला त्याच्या गावाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. ती का लागली, हा माझ्या व्याख्यानाचा विषय आहे.

पार्करचा जन्म १८२७ साली व्हर्जिनियातील नॉरफोक येथे झाला. आठव्या वर्षी त्याला आईपासून तोडून विकण्यात आले आणि साखळीने जखडलेल्या माणसांबरोबर चालवत दक्षिणेकडे नेण्यात आले. अलाबामातील मोबील शहरात तो एका डॉक्टरच्या घरी राहिला, तिथे लिहायला-वाचायला शिकला आणि ओतकामाच्या कारखान्यात लोखंडाचा कसबी कारागीर झाला. त्याच कमाईतून १,८०० डॉलर फेडून त्याने १८४५ साली स्वतःला विकत घेतले. स्वतःच्या देहाची किंमत स्वतःच्या घामाने चुकवावी लागलेला हा माणूस पुढे रिप्लीत स्थायिक झाला, त्याने स्वतःचा ओतकारखाना काढला आणि तंबाखू दाबण्याच्या यंत्रासारख्या शोधांची पेटंटेही मिळवली.

रिप्लीसमोर नदीपलीकडे केंटकी, म्हणजे गुलामगिरी कायदेशीर असलेले राज्य. पार्कर दिवसा कारखाना चालवी आणि रात्री होडी घेऊन पलीकडे जाई. एका जोडप्याचा प्रसंग त्याने स्वतः सांगितला आहे. ते पळून जातील, या संशयाने मालक त्यांचे तान्हे मूल रात्री आपल्याच खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी निजवत असे. खोलीत मेणबत्ती जळत होती आणि उशाजवळच्या खुर्चीवर पिस्तुले होती. पार्कर त्या खोलीत शिरला, मूल उचलले आणि आईबापांसह त्याला नदीपार आणले. नंतर मालकाकडची माणसे झडतीसाठी त्याच्या घरी आली, तेव्हा ते कुटुंब केव्हाच पुढच्या विश्वासू हाती पोहोचले होते.

त्याच गावात टेकडीवर जॉन रँकिन या गोऱ्या धर्मोपदेशकाचे घर आहे. रँकिन आणि त्याचे मुलगे यांनीही असंख्य लोकांना आसरा दिला आणि त्यांच्या खिडकीतला दिवा केंटकीच्या काठावरून दिसत असे. त्यांच्या थोरवीविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु हे घर ओहायो राज्याने १९३८ सालीच विकत घेऊन जपले, आणि खाली नदीकाठच्या फ्रंट स्ट्रीटवरील पार्करचे घर मात्र पडझडीला लागले. गोऱ्या उपदेशकामागे चर्च होते, ग्रंथ होते, पत्रे होती. पार्करने सोडवलेल्या लोकांची नावे व तारखा एका वहीत टिपल्या होत्या आणि त्यांची संख्या ३१५ झाली होती. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामांना मदत करणाऱ्यांस जबर शिक्षा ठरवली, तेव्हा ती वही सापडू नये म्हणून त्याने स्वतःच्या भट्टीत टाकली. ज्याच्या कार्याचा पुरावाच त्याला मृत्यूच्या दारात नेऊ शकत होता, त्याचे दप्तर मागे राहणार तरी कसे? शिवाय काळ्या माणसाकडे सोडवले गेलेला म्हणूनच पाहण्याची सवय जडलेल्या समाजाला, तो स्वतः सोडवणारा होता हे मान्य करणे जड गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुदैवाने १८८० च्या दशकात फ्रँक ग्रेग नावाच्या पत्रकाराने पार्करची मुलाखत टिपून घेतली होती. तिचे हस्तलिखित ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षे पडून राहिले आणि १९९६ साली पुस्तकरूपाने छापले गेले. याच सुमारास गावातील मंडळींनी पार्करच्या नावाने इतिहास मंडळ स्थापन करून त्याचे घर वाचवण्याचे काम हाती घेतले, आणि १९९७ साली त्या घराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. पुढे त्याचे संग्रहालय झाले. या मंडळींनी एक गोष्ट फार नेमकी केली, असे मला वाटते. त्यांनी पार्करला रँकिनचा मदतनीस करून ठेवले नाही. त्याचा कारखाना, त्याची पेटंटे, मुलांना उच्च शिक्षण देण्याचा त्याचा ध्यास आणि यादवी युद्धात काळ्या सैनिकांची भरती करण्यातील त्याचा वाटा, हे सारे त्याच्या सुटकाकार्याच्या बरोबरीने सांगितले जाते. स्वातंत्र्य म्हणजे त्याच्या लेखी नुसती बेडी तुटणे नव्हते. स्वतःच्या कसबावर, कोणाचा मिंधा न होता जगणे होते.

आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे ओहायोत नोकरीनिमित्त राहतात. सिनसिनाटीला गेलात तर तिथले गुलाममुक्तीचे मोठे संग्रहालय अवश्य पाहा, पण तेवढ्यावर परतू नका. तिथून नदीकाठाने सुमारे ऐंशी किलोमीटरवर रिप्ली आहे. आधी पार्करच्या घरी जा, आणि मग टेकडीवर रँकिनकडे.