कागदावरचं नाव आणि सव्वातीन वर्षांचं लेकरू

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात सोलापूरच्या पूर्व भागातली एक आई मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मुलगा सव्वातीन वर्षांचा. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, आजी घरात बसून मागाच्या सुताच्या कांड्या भरते. आईनं पिशवीतून फाईल काढून टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मॅडम, डॉक्टर म्हणाले ह्याला ऑटिझम म्हणता येत नाही. मग हे बोलत का नाही?"

फाईल वाचली. शेवटी लिहिलं होतं: बोलण्यात विलंब आहे, ऑटिझमची काही लक्षणं दिसतात, पण निकष पूर्ण होत नाहीत, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे. आई ते सहा महिने थांबली. वर आणखी चार गेले, कारण मध्ये घरात लग्न निघालं आणि "नाही म्हणालेत ना डॉक्टर" म्हणून सगळे निर्धास्त झाले. सव्वातीन वर्षांच्या आयुष्यातले दहा महिने गेले, आणि त्या दहा महिन्यांत कुणी त्याच्यासमोर शिकवायला म्हणून बसलं नाही.

मी सोलापुरात विशेष शिक्षिका आहे, या कामाला अठरा वर्षं झाली. "निकष पूर्ण होत नाहीत" ही ओळ माझ्यासमोर फार वेळा येते. हे निकष आले कुठून, ते बदलले कसे, आणि त्या बदलाचा आपल्या घरातल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाशी काय संबंध, हे मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

ऑटिझम, म्हणजे आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो, तो रक्त तपासून कळत नाही, एमआरआयमध्येही दिसत नाही. मूल कसं वागतं ते बघून आणि आईवडिलांना विचारून निदान करावं लागतं. मग कोणतं वागणं धरायचं आणि किती लक्षणं असली म्हणजे ऑटिझम म्हणायचा, याची यादी लागते. जगभर जिचा आधार घेतात ती यादी अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या पुस्तकात असते, त्याला डीएसएम म्हणतात. लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांचं वर्णन लिहिलं, तिथून ऑटिझम हा शब्द आजच्या अर्थानं रुळला. डीएसएममध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती 1980 साली. त्यानंतर यादी पुन्हा पुन्हा लिहिली गेली. मुलं तीच होती, त्यांना मोजायची पट्टी बदलत गेली.

यातले दोन बदल नीट समजून घ्या. 1994 च्या चौथ्या आवृत्तीत 12 लक्षणं होती, त्यातली किमान 6 लागायची. उशिरा बोलणं हे त्या यादीत होतं. शिवाय ज्या मुलाचं चित्र पुरतं जुळत नाही, पण काहीतरी आहे हे दिसतंय, त्याच्यासाठी पीडीडी-एनओएस नावाचा एक वेगळा खण होता. लहान मुलांच्या कागदांवर हेच नाव मी त्या काळात सगळ्यात जास्त पाहिलं. नाव अवघड होतं, पण नाव होतं. ते दाखवून थेरपी सुरू करता यायची.

मे 2013 मध्ये पाचवी आवृत्ती आली. ऑटिझम, अस्पर्जर (बोलणं चांगलं, पण माणसांत मिसळणं अवघड अशा मुलांसाठीचं नाव), पीडीडी-एनओएस ही सगळी वेगळी नावं जाऊन एकच नाव राहिलं, ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर. उशिरा बोलणं हे निकषांतून निघालं. आता दोन गट आहेत. पहिला गट माणसांशी जोडून घेण्याचा: देवाणघेवाण, नजर आणि हावभाव, नाती. या तिन्ही गोष्टींत अडचण दिसावी लागते. दुसरा गट तोचतोचपणाचा: एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणं, ठरलेल्या पद्धतीचा हट्ट, एखाद्याच गोष्टीचं अतोनात वेड, आणि आवाज, स्पर्श, उजेड फार जास्त किंवा फार कमी जाणवणं. या चारांतल्या किमान दोन लागतात.

या बदलात चांगलं पुष्कळ आहे, आणि ते मी मनापासून सांगते. घडाघडा बोलणारं मूलही ऑटिस्टिक असू शकतं हे मान्य झालं. आवाजाचा, कपड्याच्या शिवणीचा त्रास पहिल्यांदाच निकषांत आला. ऑटिझमच्या जोडीला अतिचंचलता असली तर दोन्ही निदानं लिहिता येऊ लागली, आधी ती मुभा नव्हती. पण नवीन निकष लागू झाल्यावर वेगवेगळ्या देशांत जे अभ्यास झाले, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. निदानाच्या बाहेर राहण्याचा धोका सगळ्यात जास्त होता तो अगदी लहान मुलांना आणि जुन्या पीडीडी-एनओएसच्या मुलांना. दोन वर्षांच्या मुलात तोचतोचपणा अजून पुरता उमटलेला नसतो. नजर देत नाही, नावाला वळत नाही, बोट दाखवत नाही हे दिसतं, पण दुसऱ्या गटातल्या दोन गोष्टी हाताशी लागत नाहीत. आणि पंधरा मिनिटांच्या भेटीत, अनोळखी खोलीत, आईच्या मांडीवर बसलेल्या मुलात त्या दिसणार तरी कशा?

आता त्या मुलाकडे येते. मी आईला विचारलं, "घरी काय खेळतो?"

"कांड्या घेऊन बसतो आजीजवळ. रांग लावतो."

"आणि रांग मोडली तर?"

आई जरा थांबली. "मोडत नाही आम्ही. मोडली की फरशीवर डोकं आपटतो. म्हणून तेवढ्या तीस-चाळीस कांड्या सासूबाई भरायलाच घेत नाहीत. त्याच्याच ठेवल्यात."

मग हळूहळू आणखी निघालं. दिवसभर मागांचा खडखडाट चालतो, त्याचं त्याला काही नाही. शेजारी मिक्सर लागला की मात्र कानावर हात ठेवून मोरीत जाऊन बसतो. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज बघायला नेलं, तर हलग्या सुरू होताच बापाच्या खांद्यावर ओकला.

मी विचारलं, "ताई, हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"ते काय सांगायचं, मॅडम? खेळतंय की लेकरू. आणि त्यांनी बोलतो का तेवढंच विचारलं."

बघा, दुसऱ्या गटातल्या दोन गोष्टी त्या घरात रोज घडत होत्या. कुणी विचारल्या नाहीत आणि आईनं सांगितल्या नाहीत. तिचा यात काही दोष नाही. लेकराच्या खेळण्याला लक्षण समजावं हे कुठल्या आईच्या मनात येईल?

पाचव्या आवृत्तीच्या निकषांतच एक सोय आहे, ती बहुतेक पालकांना कुणी सांगत नाही. लक्षण आत्ता समोर दिसलंच पाहिजे असं नाही, पूर्वी होतं असं घरच्यांनी सांगितलं तरी धरता येतं. म्हणून मी प्रत्येक आईला शंभर पानी वही आणायला सांगते. तारीख घालून लिहा. लिहिता येत नसेल तर मोबाईलवर एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा: जेवताना, खेळताना, पाहुणे आल्यावर. समजवायला, नटवायला जाऊ नका, जसं असेल तसं काढा.

अजून एक अडचण आहे. नजरेची, संवादाची अडचण आहे पण तोचतोचपणा नाही, अशा मुलांसाठी 2013 मध्ये सामाजिक संवादाच्या अडचणीचं एक नवीन निदान आलं. पण ते चार वर्षांच्या आत सहसा करत नाहीत. आणि आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत, त्यांत हे नाव नाही. ऑटिझम आहे, आणि तो यायलाही वेळ लागला, कारण 1995 च्या जुन्या कायद्यातल्या सात प्रकारांत तो नव्हता. वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व 21 मध्ये आहे, पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढलेल्या किंवा मेंदूच्या इजेनं वाचा गेलेल्या माणसाला डोळ्यापुढे ठेवून केलेली आहे. उशिरा बोलणारं तीन वर्षांचं मूल त्यात कुठे बसवणार?

आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तर पट्टीच निराळी. आपल्याकडे ऑटिझमची टक्केवारी आयएसएए या भारतीय मापनश्रेणीवर ठरते. ती 2009 सालची, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या आधीची. त्यात 40 प्रश्न आहेत, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 70 च्या खाली बेरीज आली तर ऑटिझम धरत नाहीत. 70 आली तर 40 टक्के दिव्यांगत्व, आणि कायद्यातल्या बऱ्याच सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात. म्हणजे खासगी डॉक्टरांच्या कागदावर नव्या पुस्तकाप्रमाणे "ऑटिझम, पहिली पातळी", म्हणजे सगळ्यात कमी मदत लागणारी, असं असतं, आणि त्याच मुलाची प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी बोर्डासमोर 66 बेरीज येऊ शकते. आईला वाटतं कुणीतरी खोटं बोलतंय. खोटं कुणीच बोलत नसतं, पट्ट्या दोन आहेत. पण त्यामुळे एका आईनं मला विचारलं होतं, "मॅडम, तपासणीच्या आधी महिनाभर थेरपी बंद ठेवू का? सुधारला तर टक्के जातील." हे ऐकून मी त्या रात्री जेवले नाही. आईला असं विचारावं लागतं ती व्यवस्था चुकलेली आहे, हे मी स्पष्ट म्हणते. मदत मुलाच्या गरजेला लागून असावी, टक्क्यांना लागून नसावी.

अमेरिकेत, जिथे ही पुस्तकं लिहिली जातात, तिथे तीन वर्षांच्या आतल्या बाळाला विकासात विलंब आहे एवढ्यावर मदत मिळू शकते. ऑटिझमचा शिक्का लागतोच असं नाही, 1986 पासून तसा कायदा आहे. आणि असं दार आपल्याकडेही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत, आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायला हवं. ज्या 30 गोष्टी ते तपासतात, त्यांत भाषेतला विलंब आहे आणि ऑटिझमही आहे. तिथून मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे, पाठवायचं असतं. त्यासाठी 40 टक्के लागत नाहीत, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, लागत नाही. लागते ती अंगणवाडीताईची नोंद आणि तुमचा आग्रह. पथक येऊन गेलं त्या दिवशी मूल गावाला होतं, आजारी होतं, तर ताईंना पुन्हा विचारा. दहा वेळा विचारा.

आपल्या शहराची एक खास गोष्ट राहिली. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड नाहीतर उर्दू, अंगणवाडीत मराठी. म्हणून "दोन-तीन भाषांनी गोंधळलंय, बोलेल की" असं सगळेच म्हणतात. दोन भाषांनी ऑटिझम होत नाही. दोन भाषांत वाढणारं मूलही आईकडे बघतं, हाक मारली की वळतं, चंद्र दिसला की बोट दाखवून आईला दाखवतं. ते करत नसेल तर भाषेवर ढकलू नका. आणि कुणी घरची तेलुगू बंद करा म्हणालं तर ऐकू नका. आई ज्या भाषेत अंगाई म्हणते, त्याच भाषेत मूल आधी जोडलं जातं.

त्या मुलाचं काम आम्ही त्याच आठवड्यात सुरू केलं, कागद यायच्या आधी. कांड्यांपासूनच सुरू केलं. आजी समोर बसायची आणि एक कांडी स्वतःच्या मुठीत धरून ठेवायची. त्यानं तिच्याकडे बघितलं की द्यायची. पहिल्या दिवशी बावीस मिनिटं त्यानं फक्त मूठ उघडायचा प्रयत्न केला. तेराव्या दिवशी वर बघितलं. दरम्यान आई वही आणि व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा गेली. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि निदान बदललं. प्रमाणपत्र मिळालं ते तात्पुरतं आहे, मुदत संपली की पुन्हा तपासणी होईल.

तुमच्या घरात 2013 च्या आधीचा कागद असेल, त्यावर अस्पर्जर किंवा पीडीडी-एनओएस लिहिलं असेल, तर तो फेकू नका. असं पक्कं निदान ज्यांचं आधी झालेलं आहे, त्यांना नव्या नावाखाली धरावं, असं पाचव्या आवृत्तीतच लिहिलेलं आहे. झेरॉक्स काढा, मूळ कागद ट्रंकेत ठेवा, आणि बोर्डासमोर दोन्ही न्या.

त्या आईची पहिली वही भरली. दुसरीच्या पहिल्या पानावर तिनं तेलुगूत काहीतरी लिहिलंय. मला वाचता येत नाही, म्हणून तिनंच वाचून दाखवलं: "आज लाल कांडी आणून माझ्या हातात दिली. मी मागितली नव्हती."

नमस्कार.